कुलाब्यात घरासमोरून जाणारी हेलिकॉप्टरं: कुणाची, आणि आधी कळायची काही सोय आहे का?

कुलाब्याची_सून

नमस्कार. इथे नौदलातली माणसं आहेत असं वाचत आलेय, म्हणून विचारते.

मिरजेहून लग्न होऊन कुलाब्यात आले त्याला चार वर्षं झाली. मार्केटच्या मागच्या गल्लीत जुनी इमारत, तिसरा मजला, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी. पहिल्याच आठवड्यात एक हेलिकॉप्टर इतक्या खालून गेलं की फळीवरचे स्टीलचे पेले किणकिणायला लागले. मी कोयनेचे धक्के ऐकत वाढलेली बाई, भूकंप समजून थेट जिन्यात. शेजारच्या काकू कांदे निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कांदे निवडायला लागल्या.

आता मला काही वाटत नाही. प्रश्न घरातल्या दोन माणसांचा आहे. एक माझा मुलगा, अडीच वर्षांचा. लांबून आवाज आला की हातातलं टाकून "काप्तल, काप्तल" करत गॅलरीकडे धावतो. दुसऱ्या सासूबाई, वय एकाहत्तर. त्याही तोच आवाज ऐकून तिकडेच धावतात, पण खिडक्या लावायला. गॅलरीचं दार ओढतात, वरची कडी, खालची कडी, मग पडदा. तोंडातून शब्द नाही. हेलिकॉप्टर जातं, घरात अंधार, आणि पोरगा दारावर थापा मारून रडतोय. आठवड्यातून दोन-तीन वेळा हा कार्यक्रम.

नरिमन हाउस आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. २००८च्या नोव्हेंबरात तिथे अतिरेकी शिरले तेव्हा सासूबाई याच घरात होत्या. त्यामुळे मी काय समजायचं ते समजले आहे आणि त्यांना कधी काही विचारलेलं नाही. नवराही म्हणतो, आईला त्या दिवसांबद्दल छेडू नकोस.

पण मूल मोठं होतंय. ही हेलिकॉप्टरं नक्की कुणाची असतात? एवढ्या गर्दीच्या वस्तीवरून का नेतात? आणि आज येणार आहेत हे आधी कळायची काही सोय आहे का? कळलं तर मी त्या वेळेला आईंना घेऊन देवळात तरी जाईन. इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारून उपयोग नाही. २०२५च्या मे महिन्यात ते हवाई हल्ल्याचं मॉक ड्रिल झालं तेव्हापासून तिथे हेलिकॉप्टर गेलं की पाच मिनिटांत युद्ध सुरू होतं.

बांद्रा_बॉय

अहो, कुणीतरी मंत्री असणार. आपण ट्रॅफिकमध्ये कुजायचं आणि ते वरून जाणार. आमच्या डोक्यावरून तर दिवसभर चालू असतं. कर भरा.

जुना_चेतकवाला

सूनबाई, मी नौदलात पंधरा वर्षं काढली. हेलिकॉप्टरचा मेकॅनिक. त्यातली पाच वर्षं तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशा जागी. आता देवगडला आंब्याची झाडं सांभाळतो. जमेल तेवढं सांगतो.

आधी बांद्र्याच्या दादांसाठी. तुमच्या डोक्यावरून जातात ती बहुतेक सैन्याची नव्हेत. जुहूच्या विमानतळावरून तेलाच्या फलाटांवर माणसं नेणारी आहेत ती. बॉम्बे हाय समुद्रात सुमारे १६० किलोमीटर आत. तिथे ड्यूटीला जाणारा इंजिनिअर किंवा वेल्डर रोज कसा जाणार, होडीने? तो मंत्री नव्हे. डबा घेऊन कामावर निघालेला माणूस आहे, फक्त त्याची लोकल उडते.

कुलाब्याचं वेगळं. तिथे नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहे, आय.एन.एस. शिक्रा. आमच्या वेळी त्याला कुंजाली म्हणायचे. शिक्रा हे नाव जानेवारी २००९ मध्ये पडलं, म्हणजे तुम्ही म्हणता त्या नोव्हेंबरनंतर दोनच महिन्यांनी. शिक्रा हा लहानसा शिकारी पक्षी. मुंबईत आहे तो, झाडीतून सरडे उचलतो. नाव चांगलं ठेवलंय, पण आम्ही जुनी माणसं अजून कुंजालीच म्हणतो, जसे तुम्ही लोक व्ही.टी. म्हणता.

तर आवाज कुणाचा ते कानाने ओळखता येतं. आम्ही हँगरमध्ये पाठमोरे बसून चहावर पैज लावायचो.

चेतक म्हणजे लहान. फ्रेंच यंत्र, आपल्याकडे एच.ए.एल. या सरकारी विमान कंपनीने बांधलेलं. तीन पाती, एकच इंजिन. त्या इंजिनाची शिट्टी आधी येते, पंख्याचा आवाज मागून. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ बारीक किंचाळते ना, तसं. विमानवाहू जहाजावर विमानं उडत असली की हेच बाजूला उडत राहतं, कुणी पाण्यात पडला तर उचलायला. माझं सगळं आयुष्य ह्याच्यात गेलं, त्यामुळे जरा जास्त लिहिलं जातंय.

सी किंग म्हणजे थोरला. ब्रिटिश, पाच पाती, दोन इंजिनं, पोटाचा आकार होडीसारखा. तुमचे पेले वाजवणारा बहुधा हाच. त्याचा आवाज कानाआधी छातीत लागतो. पाणबुड्या शोधायला समुद्रावर एका जागी थांबून खाली सोनार, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र, सोडतो. त्याचाच एक भाऊ कमांडो नेतो. पूर्वी नौदल दिनाच्या आसपास गेटवेसमोर दोरावरून सरसर उतरणारे मार्कोस, म्हणजे नौदलाचे कमांडो, बघितले असतील, ते त्याच्यातून. त्याला स्लिदरिंग म्हणतात.

ध्रुव आपला स्वतःचा, चार पाती, आवाज भरीव पण गुळगुळीत. एमआय-१७ हवाई दलाचं. ते शिक्रावर येतं ते मोठी माणसं घेऊन. पंतप्रधान सांताक्रूझला उतरून पुढे बहुतेक वेळा शिक्रावरच येतात. त्या दिवशी सारखी दिसणारी तीन एकापाठोपाठ जातील. साहेब कुठल्यात आहेत ते बाहेरच्याला कळू नये म्हणून तीन. नोव्हेंबर २०१० मध्ये ओबामा आले तेव्हा त्यांनी हेलिकॉप्टरंसुद्धा घरून आणली होती. आता नवीन अमेरिकन सीहॉक आलेत, मार्च २०२४ मध्ये कोचीला दाखल झाले. त्यांचा आवाज माझ्या कानात बसलेला नाही, तेव्हा त्यावर पैज लावणार नाही.

वस्तीवरून का नेतात? सहसा नेत नाहीत. तळ मुंबईच्या टोकाला, तिन्ही बाजूंना पाणी. निघालं की पाण्यावर जायचं आणि पाण्यावरूनच परत यायचं. पण उतरताना वाऱ्याकडे तोंड करून यावं लागतं. वारा फिरला की येण्याची बाजू फिरते. पावसाळ्यात आणि थंडीत आवाज वेगवेगळ्या खिडकीत येतो की नाही, आठवून बघा. खालून का, तर वर सांताक्रूझची विमानं आहेत. मुंबईच्या हवेत कुणी मनाला येईल तसं चढत नाही, टॉवरने दिलेल्या उंचीवर राहावं लागतं.

आणि पाण्यावरून नेण्याचं दुसरं कारण: एखादं पडलंच तर माणसांवर पडू नये. ८ मार्च २०२३ला नौदलाच्या एका ध्रुवची ताकद मुंबईच्या किनाऱ्याजवळ अचानक गेली, झपाट्याने खाली यायला लागलं. पायलटने ते ताब्यात ठेवून पाण्यावर उतरवलं. तिघेही वाचले. तेच खाली तुमचं मार्केट असतं तर? हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तरी ते दगडासारखं पडत नाही. पात्यांचा कोन कमी केला की खालून येणारी हवाच त्यांना फिरवत ठेवते, पंखवालं बी गिरक्या घेत पडतं तसं. पण उतरायला मोकळी जागा लागते. कुलाब्यात स्कूटर लावायला जागा नाही.

आधी कळायची सोय? रोजच्या उड्डाणांची नाही, आणि मी सैन्यात होतो म्हणून तसं म्हणत नाही, पण ती नसावीच. तुम्हीही इथे वेळा आणि दिशा लिहू नका, फोटो तर नकोच. मोठा सराव असला किंवा एखादा जाहीर कार्यक्रम असला की मात्र रहिवाशांना दोन ओळी कळवायला काय जातं, हे माझं जुनं दुखणं आहे. तळ आधी होता, इमारती नंतर उंच झाल्या, हे आमच्यातले लोक नेहमी ऐकवतात. खरं आहे. पण इमारतीत राहणारी म्हातारी माणसं काही बिल्डर नव्हेत.

सासूबाईंचं मात्र मला सांगता येत नाही. मी तेव्हा नोकरीतून बाहेर पडलो होतो, टीव्हीवरच बघितलं.

उपनगर_नाका

नाशिकहून. आमच्याकडे गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टर पायलट तयार करणारी शाळा आहे. चित्ता आणि चेतक दिवसभर घिरट्या घालतात. शिकाऊ मंडळी, त्यामुळे तेच सर्किट पुन्हा पुन्हा: उठ, वळ, ये, टेक, उठ. मी नाशिकरोडला शाळेत बीजगणित शिकवतो. आवाज आला की वाक्य आहे तिथे थांबवायचं, खडू फळ्यावर टेकलेला ठेवायचा, गेलं की पुढचा शब्द. मुलांना सवय आहे. नवीन शिक्षक ओरडून शिकवायला बघतात आणि दिवाळीपर्यंत घसा बसवून घेतात.

२०२२च्या मे महिन्यात इथूनच कॅप्टन अभिलाषा बराक बाहेर पडल्या, लष्कराच्या हवाई शाखेतल्या पहिल्या महिला लढाऊ पायलट. त्या वर्षी आमच्या आठवीतल्या मुलींनी वर बघायचं कारण बदललं. दुसऱ्या दिवशी एकीने मला विचारलं, सर, वर आत्ता बाई आहे का बुवा, कसं ओळखायचं? चेतकवाले काका, हे कानाने ओळखता येतं का?

जुना_चेतकवाला

येत नाही गुरुजी. पण शिकाऊ आहे का मास्तर आहे ते येतं. शिकाऊ माणूस उतरताना आवाज सारखा बदलतो, एकदा जास्त एकदा कमी, पाणी पिताना पेला हलावा तसा.

पोटोमॅकचा_पुणेकर

काकांचा प्रतिसाद आवडला, पण "पाण्यावरून नेलं की झालं" यावर मला थोडं बोलायचं आहे. मी अमेरिकेत व्हर्जिनियात, अलेक्झांड्रियाला राहतो. नदीपलीकडे वॉशिंग्टन. पेंटागॉन, व्हाइट हाउस, तीन-चार लष्करी तळ, सगळं चार-दोन मैलांत, आणि मधोमध रेगन विमानतळ. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत इथल्या परिसरात सुमारे ८८,००० हेलिकॉप्टर फेऱ्या झाल्याचं सरकारी लेखापरीक्षकांनी मोजलं होतं. त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त सैन्याच्या.

इथेही हाच विचार होता: वस्तीवरून नको, पोटोमॅक नदीवरून न्या. नकाशात हेलिकॉप्टरचा रस्ताच आखलेला, नदीच्या पूर्व काठाने, २०० फुटांच्या खाली राहायचं. अडचण एवढीच की विमानतळही नदीलाच लागून आहे, आणि एका धावपट्टीवर उतरणारी विमानं त्याच काठावरून खाली येतात. २९ जानेवारी २०२५च्या रात्री विचिटाहून आलेलं विमान उतरत होतं आणि लष्कराचं ब्लॅक हॉक सरावाच्या उड्डाणावर होतं. धडकले. ६७ माणसं गेली, एकही वाचला नाही. हेलिकॉप्टर तेव्हा २७८ फुटांवर होतं. पण तपासात पुढे जे आलं ते जास्त भयंकर: हेलिकॉप्टर अगदी नियमाप्रमाणे २०० फुटांवर असतं तरी वरून उतरणाऱ्या विमानात आणि त्यात काही वेळा ७५ फुटांचंच अंतर उरत होतं. सात मजली इमारतीएवढं. आणि ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ मध्ये त्याच विमानतळावर विमान आणि हेलिकॉप्टर नको इतकी जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी सरकारी संगणकात पडून होत्या. कुणी बेरीज केली नव्हती.

मी त्या आठवड्यात ऑफिसला जाताना रोज नदीवरचा पूल ओलांडत होतो. बर्फाळ पाण्यात क्रेनचे तराफे उभे. मेट्रोत सगळे एका बाजूच्या खिडक्यांकडे बघत होते, बोलत कुणीच नव्हतं.

आणखी एक. विमानं दाखवणाऱ्या अ‍ॅपवर भरवसा ठेवू नका. आपली जागा सतत कळवत राहणारी यंत्रणा त्या ब्लॅक हॉकमधून काही पाठवत नव्हती. सैन्याला तशी सूट होती.

जुना_चेतकवाला

पुणेकर, बरोबर पकडलंत. मी अर्धवट लिहिलं. पाणी सुरक्षित असतं ते खाली कुणी नसतं म्हणून. वर कोण आहे ते वेगळं बघावं लागतं. कुलाबा सांताक्रूझच्या कुठल्याही धावपट्टीच्या तोंडाशी येत नाही, हे आमचं नशीब. पण २५ डिसेंबर २०२५ पासून खाडीपलीकडे नवी मुंबईचा विमानतळही चालू झालाय. बंदराच्या दोन्ही अंगांना आता गिऱ्हाईक आहे. वरच्या रस्त्यांची आखणी करणाऱ्यांनी तुमच्या नदीचा नकाशा भिंतीवर लावून ठेवावा.

एक मात्र सांगतो. आवाजाचा त्रास मोजताना आम्ही नसतो तर काय झालं असतं तेही मोजा. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, हजारावर माणसं आत, तेव्हा सी किंग गेलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा तेलक्षेत्रातल्या कामगारांचा तराफा बुडाला, त्यावर २६१ माणसं होती. हवा पुरती निवळायच्या आत शिक्रावरची हेलिकॉप्टरं बाहेर पडली होती. माझा भाचा तेव्हा कुलाब्यात होता, लॉकडाऊन, रस्ते रिकामे. फोनवर म्हणाला, मामा, आज आवाज थांबतच नाहीये. मी म्हटलं, आज थांबू नये अशी प्रार्थना कर.

कुलाब्याची_सून

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण मधे एक गोष्ट घडली.

काकांनी लिहिलेलं सगळं मी नवऱ्याला वाचून दाखवत होते. सासूबाई आत भाजी चिरत होत्या. "छातीत लागतो" इथपर्यंत आले तर आतून आवाज आला, "बरोबर लिहिलंय त्याने." म्हणजे ऐकत होत्या. मग माझाही धीर झाला. विचारलं, आई, तुम्हाला त्या आवाजाची अजून भीती वाटते का?

त्या बाहेर आल्या, हातात सुरी तशीच. म्हणाल्या, "हेलिकॉप्टरची? हेलिकॉप्टरची कशाला भीती वाटेल? ते शुक्रवारी सकाळी आलं. आम्ही बुधवारी रात्रीपासून मोरीत बसलो होतो, मी, तुझे सासरे आणि मागच्या खोलीतली म्हातारी. आवाज आला तेव्हा तुझे सासरे म्हणाले, आले आपले. मी आधी उठून चहा टाकला. दीड दिवसात पहिला."

आम्ही दोघं बघतच राहिलो. नवऱ्याला सुद्धा हे माहीत नव्हतं. तो तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होता.

मग खिडक्या का लावता, मी विचारलं. तर म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं होतं. खालून ओरडून सांगत होते, खिडकीशी यायचं नाही, दारं लावून घ्या. जे डोकावायला गेले त्यांना गोळ्या लागल्या. मग हेलिकॉप्टर आलं की खिडकी लावायची."

पण आई, ते तेव्हा!

"मग नंतर कुणी येऊन सांगितलं का, आता उघडा म्हणून?"

यावर काय बोलणार? एवढ्या वर्षांत खरंच कुणी येऊन सांगितलेलं नाही.

उपनगर_नाका

काय बाई आहेत. साष्टांग नमस्कार सांगा.

जुना_चेतकवाला

सूनबाई, त्यांना माझा निरोप द्या. नौदलातल्या एका जुन्या माणसाने सांगितलंय, आता उघडा. नातवाला कडेवर घेऊन खुशाल बघा. कठड्याला मात्र पोराला टेकवू नका, जुनं लाकूड आहे.

कुलाब्याची_सून

काका, निरोप दिला. चष्मा लावून स्वतः वाचला. म्हणाल्या, इथे कुणीही काहीही लिहितो, हा खरंच नेव्हीत होता कशावरून? परीक्षा घ्यायची म्हणतायत. आत्ता थोड्या वेळापूर्वी एक गेलं. पडद्याच्या फटीतून त्यांनी पाहिलं, मी मुद्दाम पाहिलं नाही. ते कुठलं होतं ते ओळखून दाखवा, म्हणजे विश्वास ठेवू.

जुना_चेतकवाला

परीक्षा मान्य. वेळ लिहू नका, कुठून कुठे गेलं तेही नको. फक्त वाजलं कसं ते त्यांच्याच शब्दांत लिहा.

कुलाब्याची_सून

त्यांच्या शब्दांत: "पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झाला की वाजतो तसं. फटफट नाही, त्याहून जाड. आणि पेले हलले."

जुना_चेतकवाला

सी किंग.

कुलाब्याची_सून

पोट होडीसारखं होतं म्हणतायत. वरची कडी काढली आहे. खालची अजून लावलेलीच आहे.